लाईन गेल्यावरचा खेळ

गुणवंतराव अलोणे गोंडपिपरीच्या धानगिरणीत बावीस वर्षं मशीन चालवत होते. या बावीस वर्षांत कोंड्याने त्यांची छाती इतकी भरली होती, की बोलताना मध्येच थांबून त्यांना श्वास गोळा करावा लागे. आणि मजा पाहा, तालुक्यात हा माणूस ओळखला जाई तो बोलण्यासाठीच. अलोणे मशीनवाले कोण, म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवत. ‘लाईन गेल्यावर खेळ मांडते तो’ म्हटलं की सरळ गिरणीच्या दारात आणून सोडत.

खेळाची सुरुवात झाली ती निव्वळ वैतागातून. चंद्रपूर जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. धान घरात आलं होतं, गिरणीपुढे बैलबंड्यांची रांग लागली होती आणि वीज रोज दुपारी जात होती. गेली की दोन-तीन तास पत्ता नाही. लोक पोत्यांवर बसून राहत आणि दर पाच मिनिटांनी विचारत, “भाऊ, लाईन कवा येते?” जशी काही वीज गुणवंतरावांनीच खिशात घालून ठेवली होती. एके दिवशी त्यांचं डोकं उठलं. त्यांनी काट्याजवळच्या लाकडी फळीवर ओंजळभर कोंडा पसरला, बोटाने त्यात एक नदी काढली, नदीच्या अल्याड रान, पल्याड गाव काढलं आणि म्हणाले, “आता तुमी गिरणीत नाई. ह्या रानात आहात. सांगा, तुमी कोन?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पोचू बंडीवाला तेवढा पुढे झाला. “मी कलेक्टर!” तो म्हणाला, आणि झालं, खेळ सुरू झाला.

पुढे त्याला रीत आली. ज्याने त्याने आपलं एक सोंग घ्यायचं. गुणवंतराव सांगत, समोर वाघ आहे, नदीला पूर आहे, गावात पटकी आली आहे, बोल, काय करतोस? त्याने सांगायचं, आणि जमलं की नाही ते चिंचोक्यांनी ठरवायचं. चिंचोके चार, मधून फोडलेले, एका अंगाने पांढरे आणि एका अंगाने काळे. चारही पांढरे पडले तर काम फत्ते, चारही काळे पडले तर माणूस गेला, मिसळ पडले तर डाव पुढे चालू. गेलेल्याने उठून गुणवंतरावांच्या मडक्यातलं पाणी प्यायचं आणि नवं नाव घेऊन परत बसायचं. एरवी त्या मडक्याला ज्यांनी हात लावला नसता, तेही खेळात मेले की घटाघटा पीत. गुणवंतरावांना या गोष्टीचं मनातल्या मनात फार हसू येई. एकच गोष्ट ते चालू देत नसत. आपल्या घरचं माणूस, जितं असो की मेलेलं, खेळात आणायचं नाही.

चार-पाच वर्षं हे असं फुकटात चाललं. लोक दुसऱ्या गिरण्या सोडून इथे धान आणू लागले. काही तर रिकाम्या हातांनी येत आणि वीज जायची वाट पाहत बसत. गिरणीचे मालक वामनराव हे हिशोबी गृहस्थ. त्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

“गुणवंतराव,” एकदा ते म्हणाले, “मानसामागं आठ आने घ्या. अर्धे माह्ये, अर्धे तुमचे. फळी माही आहे, तोंड तुमचं आहे.”

गुणवंतराव नाही म्हणाले. ही गंमत आहे, आणि गमतीचे पैसे कसले घ्यायचे? संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हसत हसत बायकोला सांगितलं. इंदुताई हसल्या नाहीत. चुलीपुढे बसून खोकणाऱ्या नवऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं.

“काऊन नाई घ्याचे?” त्या म्हणाल्या. “गंमत त्यायची होते, घसा तुमचा सुकते. आपल्या बापजाद्यायनं गावाची लय बेगार केली. हलगी फुकट वाजवली, सांगावे फुकट पोचवले. कोनी म्हने, वाजवनं तं तुमच्या अंगातच आहे, त्याचे पैसे कायचे? आता तुमीबी तेच म्हनून राह्यले.”

छप्पन साली दीक्षा घेऊन वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि हलगी खाली ठेवली, तेव्हा गुणवंतराव विशीत होते. त्या हलगीचा आणि या खेळाचा कधी संबंध लावावा असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. शिवाय छाती ही अशी. डॉक्टर म्हणाला होता, कोंड्यातून उठा. उठून करणार काय? बसल्या जागी बोलून चार पैसे मिळत असतील तर त्यात चोरी कुठे आहे? इंदुताईंचं म्हणणं खोडून काढायला त्यांना जागाच सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर आजही ती सापडत नाही.

आठ आणे सुरू झाले. लोकांनी कुरकुर न करता दिले. पण पहिल्याच आठवड्यात पोचू कलेक्टरला वाघाने खाल्लं आणि तो पाणी प्यायला उठेना. “आठ आने देल्ले जी म्या!” तो म्हणाला. “पयल्याच डावात मरतो का? हे काही बरोबर नाई.” सगळे हसले. गुणवंतरावही हसले आणि त्यांनी त्याला जखमी करून सोडून दिलं. दुसऱ्याला मग बुडू कसं द्यायचं? पैसे आल्यापासून त्या रानातले वाघ उपाशी राहू लागले आणि नद्या गुडघाभर झाल्या. खेळ सांगताना पूर्वी जो हुरूप येई तो हळूहळू गेला. संध्याकाळी खिशात चिल्लर वाजे, आणि मशीनवर दिवस काढल्यावर अंग दुखावं तसं आता खेळानंतरही दुखे. काम म्हटलं की असंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्या वर्षी पौषात भागीरथाबाई आली. तालुक्यातल्याच एका खेड्यातली कुणब्याची विधवा. तिचा एकुलता एक मुलगा इतवारी तीन वर्षांपूर्वी मिरची तोडायला आंध्रात गेला, तो परतला नव्हता. बरोबरचे आले. कोणी म्हणे तो पुढे दुसऱ्या मुकादमाबरोबर गेला, कोणी म्हणे तापाने पडला होता. घरी तरणी सून, सीता. बाई पोतं उतरवून फळीजवळ बसली आणि पदरातून चार घड्या घातलेली पाच रुपयांची नोट काढून तिने गुणवंतरावांपुढे ठेवली.

“भाऊ, माह्या इतवारीले रानात सोडा,” ती म्हणाली. “तो कुठी आहे ते पाहू द्या.”

“घरचं मानूस नाई आनत बाई इथी.”

“पाच रुपये देऊन राह्यली मी.”

ती रडत नव्हती, गयावया करत नव्हती. बाजारात भाव करावा तशी बोलत होती. इतर दहा जण बसले होते, सगळ्यांचे डोळे फळीकडे. गुणवंतरावांनी मधला मार्ग काढला. ‘इतवारी नाही, एक माणूस आहे, त्याला नाव नाही,’ असं म्हणून त्यांनी कोंड्यात मिरचीचं वावर काढलं. बाईने मान डोलावली. दोन डाव होत नाहीत तो ती त्या माणसाला इतवारी म्हणू लागली, आणि नोट खिशात असल्यामुळे गुणवंतरावांनी तिला टोकलं नाही. माणूस वावरातून निघाला, पायी चालला, नदीवर आला. डोंगा नव्हता. बाईने चिंचोके टाकले. तीन पांढरे पडले. चौथा कोंड्यात तिरपा रुतून उभा राहिला.

फुकटच्या दिवसांत असं झालं की डाव पुन्हा टाकायचा, अशी रीत होती. गुणवंतरावांनी बोटाच्या टोकाने तो चिंचोका पांढऱ्या अंगावर पाडला. “पार झाला,” ते म्हणाले.

“कवा येईल?” बाईने विचारलं.

“चैतात. मोहफुलं पडतात तवा.” हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. खेळात असं कितीतरी निघतं. बाईने फळीला हात लावून तो कपाळाला लावला. तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी खटकलं होतं, पण तेवढ्यात वीज आली, पट्टा फिरू लागला आणि ते मशीनकडे धावले.

माघ सरता सरता एक दिवस सीता आली. डोक्यावर धानाचं लहानसं पोतं, पण ते निमित्त होतं हे कळत होतं. तिने ते खाली ठेवलं आणि सरळ विषयाला हात घातला.

“काकाजी, माह्या पाटाचं ठरलं होतं,” ती म्हणाली. “पोंभुर्ण्याकडचा मानूस आहे. बिजवर आहे, पन चांगला आहे. सासूच म्हने, पोरी, तुह्यं सारं वय पडलं आहे, माह्यासाठी नोको बसू. तिनंच मानूस पायला. आता म्हंते, इतवारी चैतात येते, पाट लावशीन तं आंगनात पाय नोको ठेवजो.”

“काऊन?”

“तुमी सांगतलं ना.”

“अवं बाई, तो खेळ होता. चिंचोके टाकतो आमी. साऱ्या तालुक्याले मालूम आहे.”

“मीबी हेच म्हनलं तिले. सासू म्हंते, फुकट सांगतलं असतं तं खेळ. अलोणेभाऊनं पाच रुपये घेऊन सांगतलं.” सीतेने कनवटीची नोट काढली. तीही पाचचीच. “माह्याकडून घ्या. अन् उलटं सांगा. तो मानूस फागुनापावतर थांबतो म्हंते, पुढं नाई.”

गुणवंतरावांनी आयुष्यात भगताच्या दारात पाय ठेवला नव्हता. गावोगाव सभांत उठून त्यांनी दाणे पाहून कौल देणाऱ्यांची, अंगात आणणाऱ्यांची टिंगल केली होती. आणि आज एक पोरगी त्यांच्याकडे कौल फिरवून मागत होती आणि त्याचे पैसे देत होती. त्यांना भयंकर लाज वाटली. रागही आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. बाईचं काय चुकलं होतं? त्या मुलखात सांगणाऱ्याला पैसे द्यायचे ते खरं सांगण्याचेच असतात. खेळाला तिकीट असतं हे तिला कोणी शिकवलं होतं?

“ठेव ते पैसे,” ते म्हणाले. “मी येतो तुह्या सासूकडं. उद्या सकाळीच येतो.”

रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी त्यांना वाटलं, आपल्याला अगदी साधी वाट सापडली. पैशाने खेळाचा कौल झाला ना? मग पैसे परत केले की कौलाचा पुन्हा खेळ होईल. इतकं सरळ. इंदुताईंना हे पटलं नाही. मेहनतीचा पैसा परत का करायचा, असं त्या म्हणाल्या. पण सीतेचं नाव काढल्यावर त्यांनीच डब्यातून नोट काढून दिली. गुणवंतराव सायकलवर निघाले. चढावर तीनदा उतरावं लागलं. छातीत घरघर होत होती, तरी कितीतरी दिवसांनी मन हलकं होतं.

भागीरथाबाई अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडत होती. सीता दारात सूप घेऊन उभी होती. गुणवंतराव बाजेवर न बसताच पुढे झाले आणि त्यांनी नोट बाईच्या हातात ठेवली.

“बाई, हे तुह्ये पाच रुपये घे,” ते म्हणाले. “मले नाई पायजेत. त्या दिवशी म्या जे सांगतलं, ते—”

आणि खोकला आला. सायकलीच्या दमाने तो असा आला की थांबेना. खांबाला धरून ते वाकले. सावरून वर पाहिलं तेव्हा बाई नोटेकडे पाहत होती आणि तिच्या मांडीवरची लाखोळी सगळी अंगणात सांडली होती.

“कुठी, भाऊ?” तिने विचारलं. “नदीतच ना?”

तेव्हा त्यांना आठवलं. त्या गावांमध्ये दाणे पाहणारा भगत मरण तोंडाने सांगत नसे. हरवलेला माणूस जगात नाही असं दिसलं की त्याच्यापुढे ठेवलेला नारळ, पैसे, जे असेल ते तो मुकाट्याने परत हातात देई. एवढ्यावरून घरच्यांनी समजायचं. लहानपणी त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या आईच्या हातात असाच नारळ परत आला होता. देवांबरोबर हे सगळंही नदीत सोडलं, असं समजून ते तीस वर्षं निश्चिंत होते. पण नदीत फक्त त्यांनी सोडलं होतं, भागीरथाबाईने नाही.

“नाई बाई,” ते घाईघाईने म्हणाले. “तसं नाई. मले काईच मालूम नाई. निस्ता खेळ होता तो.”

“हो भाऊ. खेळच.” बाई त्यांचीच समजूत घालत होती. “तोंडानं नोका सांगू. समजली मी. तुमी चांगले मानूस आहात, पैसे घेऊन आले एवढ्या दुरून.”

मग ती रडू लागली. मोठ्याने नाही. तीन वर्षं अडवून धरलेलं पाणी वाट मिळून यावं, तसं ते रडू बराच वेळ येत राहिलं.

गुणवंतरावांनी सीतेकडे पाहिलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं होतं. तिने हात जोडले नाहीत, डोळ्यांनी विनवलंही नाही. फक्त त्यांच्याकडे पाहत राहिली आणि वाट पाहत राहिली. आता बोलायला हवं होतं. ‘बाई, तुझा मुलगा जिवंत असेलही, मला ठाऊक नाही, मी चिंचोका बोटाने पाडला होता,’ एवढंच. यातला शब्दन् शब्द खरा होता. श्वासही पुरेसा होता. खोकला केव्हाच थांबला होता. ते बोलले नाहीत. सीतेने आणून दिलेलं पाणी प्यायले, बाजेवर थोडं टेकले आणि सायकल घेऊन निघाले.

बाईने मुलाचे दिवस केले. फाल्गुनात सीतेचा पाट लागला आणि ती पोंभुर्ण्याकडे गेली. गेल्यावर सुखी झाली असंच ऐकायला येई. तिला वर्षाच्या आत मुलगी झाली. पाटाचं आमंत्रण द्यायला भागीरथाबाई स्वतः गिरणीत आली होती. गुणवंतराव गेले नाहीत, अंगात ताप आहे म्हणून सांगितलं.

गिरणीत मात्र वेगळाच ताप सुरू झाला. अलोणेंनी पैसे परत दिले ही गोष्ट गावोगाव पसरली. लोक नारळ घेऊन येऊ लागले. कोणाचा बैल हरवलेला, कोणाचा जावई. पोचूसुद्धा, ज्याने पहिल्या दिवसापासून कलेक्टरकी केली, तो एकदा हळूच म्हणाला, “भाऊ, माह्या बायकोचं पोट दुखून राह्यलं, जराक पाहा ना.” गुणवंतरावांनी चिंचोके उचलून घरी नेऊन चुलीत टाकले आणि फळीवर खेळ मांडणं बंद केलं. वामनराव चिडले, मग समजावून थकले. “बावीस वर्सं मशीन चालवता येते, पन जमलेला धंदा चालवता येत नाई तुमाले,” ते म्हणाले. वीज गेली की आता गुणवंतराव गिरणीच्या मागे जाऊन एकटेच बसत. कोंड्यातून उठणं काही त्यांना जमलं नाही.

इंदुताईंना त्यांनी सगळं सांगितलं, पण उशिरा, पाट होऊन गेल्यावर. “मी खोटं नाई बोललो,” असं ते दोनदा म्हणाले.

“बोलले असते तं बरं होतं,” इंदुताई म्हणाल्या. “बोललेलं वापस घेता येते.”

ते त्या बाईकडे पुन्हा कधी गेले नाहीत. गेले असते तर काय सांगणार होते? सीता आता दुसऱ्याच्या घरची होती, आईने मुलाच्या नावाने पाणी सोडलं होतं. जे जसं बसलं तसं ते राहू देणंच बरं, असं त्यांनी ठरवलं. पण ठरवून माणूस सुटत नाही.

आंध्रात मिरची तोडायला गेलेली माणसं परततात ती चैतात. ट्रक त्यांना गिरणीसमोरच्या चौकात उतरवतो. लाल झालेले डोळे, डोक्यावर मिरचीची बोचकी, बायका, पोरं, म्हातारे. ट्रक थांबला की गुणवंतराव मशीन सोडून दारात येत. इतवारीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून तिशीतला एकटा उतरलेला प्रत्येक माणूस त्यांना तोच वाटे. तो खाली उतरे, बोचकं सावरे, इकडेतिकडे पाही. गुणवंतराव चौकट धरून उभे राहत. कोणत्याही देवाला हात न जोडणारा हा माणूस तेवढा वेळ मनात एकच म्हणत राही, हा तो नसो. मग तो माणूस भलत्याच रस्त्याला लागे, चौक रिकामा होई. एका आईचा मुलगा आजही घरी आला नाही, याचं त्यांना बरं वाटे.